येळवसला जाताना गेवराईच्या काट्यावर

पाचोडच्या पुढे समोरून येणारा प्रत्येक जण डिप्पर मारायला लागला, तेव्हा पहिल्यांदा शंका आली. पहाटेचे साडेपाच वाजले होते आणि आमचे दिवे लोवरच होते. दोनदा बघितलं. शहागडला चहाला थांबलो आणि जरा लांब जाऊन गाडीकडे पाहिलं. मागची बाजू पार बसली होती. टायर आणि मडगार्डच्या मधे जेमतेम चार बोटं जागा. नाक वर गेल्यामुळे दिवे थेट लोकांच्या डोळ्यांत जात होते.

ही आमची मोटरहोम. व्हॅनवर बांधून घेतलेली. दोन बिछाने, ओटा, सिंक आणि मागच्या चाकांच्याही पलीकडे, अगदी शेपटाला, १५० लिटरची पाण्याची टाकी. छत्रपती संभाजीनगरहून औशाजवळच्या खेड्यात, बायकोच्या मावशीकडे येळवसला, म्हणजे वेळ अमावस्येच्या शेतातल्या सणाला निघालो होतो. सोबत आई आणि लातूरला क्लासेससाठी राहणारा भाचा.

टाकी काठोकाठ बायकोने भरली होती. ती लातूरची. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणलं, पहिल्या खेपेला १० वाघिणी, प्रत्येकीत ५० हजार लिटर. तिच्या माहेरी तेव्हा पाणी घागरी मोजून वापरत होते. अशा माणसाला ‘अर्धीच टाकी भर’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, हेही खरंच.

गेवराईजवळ एका जिनिंगवर वजनकाटा दिसला. कापूस भरलेल्या टेम्पोंच्या मागे नंबर लावला. सगळ्यांना आतच बसवून ठेवलं, कारण रस्त्यावरही आम्ही आतच असणार. काट्यावर आकडा आला ३६४०. आरसीवर गाडीचं एकूण वजन, म्हणजे सगळं भरून चालणारी कमाल मर्यादा, आहे ३५१०. म्हणजे १३० किलो जास्त.

काटेवाला भला माणूस. मी विनंती केल्यावर त्याने आधी फक्त पुढची चाकं घेतली, मग फक्त मागची. पुढे १४२०, मागे २२२०. मागच्या ॲक्सलची मर्यादा २१५० आहे. गाडी कुठे रुतली होती ते तिथे कळलं.

हिशोब तिथेच वहीत मांडला. आरसीवर रिकामं वजन २९००. पण पासिंगनंतर आम्ही सोलर पॅनल, दुसरी बॅटरी, बाजूची ताडपत्री आणि वरचं लोखंडी कॅरियर बसवलं होतं, त्याचे ११० किलो कागदावर कुठेच नव्हते. माणसं २६०, पाणी १५०, आणि भांडी, अंथरुणं, गॅस, हत्यारं मिळून २२०. गाडी बांधणारा म्हणाला होता, ‘काही होत नाही, बिनधास्त भरा.’ मोटार वाहन कायद्याचं कलम ११३ असं म्हणत नाही. एकूण वजन तर सोडाच, रिकामं वजनसुद्धा आरसीपेक्षा जास्त चालत नाही. कलम १९४ प्रमाणे जादा वजनाला २० हजार रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार, आणि जास्तीचं उतरवल्याशिवाय गाडी पुढे सोडत नाहीत. मला दंडापेक्षा पुढच्या मांजरसुंब्याच्या घाटाची भीती वाटत होती. गाडीत आई होती, आणि पुढची चाकं हलकी झालेली गाडी वळणावर स्टेअरिंगचं ऐकत नाही.

पाणी सोडावं लागणार होतं. पण मराठवाड्यात १०० लिटर पाणी मातीत कसं सोडायचं? बायको गप्प उभी होती. काटेवाल्यानेच बैलांच्या हौदाकडे बोट केलं. टाकीची नळी हौदात सोडली. बायको हौदाच्या कठड्यावर हात ठेवून शेवटपर्यंत बघत राहिली. एका थेंबाने बाहेरची माती भिजली नाही. "पन्नास राहू दे, आई आहेत," एवढंच म्हणाली.

पुन्हा काटा. पुढे १४४०, मागे २१००. शंभर लिटर गेले, पण मागचा भार १२० ने उतरला आणि पुढचा २० ने वाढला! चाकांच्या मागे लटकलेलं वजन पुढची बाजू उचलून धरतं, हे शाळेत तरफेच्या धड्यात शिकलो होतो, त्या दिवशी काट्यावर दिसलं. तुमच्या गाडीची टाकी शेपटाला असेल तर कृपा करून एवढं एकदा करून बघा.

तरीही ३० किलो जास्तच. भाच्याने आपणहून सॅक उचलली आणि एसटी पकडली. तो आणि त्याची पुस्तकं मिळून ७० किलो. आता ३४७०.

घाटात गाडी सरळ, शहाण्यासारखी चढली. केज, अंबाजोगाई, लातूर करत संध्याकाळी पोचलो. दुसऱ्या दिवशी शेतात कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात, पांडवांची पूजा, मिश्र भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि बिंदगीतलं, म्हणजे मातीच्या घागरीतलं थंडगार आंबील. भाचाही सकाळच्या एसटीने आला. त्या जेवणावर वेगळं लिहीन.

निघायच्या दिवशी दारात ज्वारीचे तीन कट्टे उभे. प्रत्येकी ५० किलो. मी नको म्हणालो तसा मावशींचा चेहरा उतरला. "जावईबापू, एवढं मोठं घर घिऊन आलाव, आन् लेकीचे तीन कट्टे बसंनात?" खिशातली काट्याची पावती काढून त्यांच्यापुढे धरली, आकडे वाचून दाखवले. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग बायकोला विचारलं, "टाकीत पाणी किती हाय गं?"

"पन्नास लिटर. इथे आल्यावर परत भरलं होतं."

"औंदा हिरीला पाणी हाय. वाटंनं बी मिळंल. ते पाणी झाडाला घाल, आन् त्याच्या जागी एक कट्टा ने."

बायकोने स्वतः नळी लावली आणि आंब्याच्या आळ्यात टाकी रिकामी केली. एक कट्टा ड्रायव्हरच्या सीटमागे, चाकांच्या पुढे आडवा ठेवला आणि दोरीने बांधला. दोन कट्टे ट्रान्सपोर्टने पाठवायचं ठरलं. आईसाठी दहा लिटरचा जार तेवढा भरून घेतला. भाचा लातूरलाच राहिला. औशाच्या काट्यावर ३४६० आले.