नारळाचं दूध फुटू द्या

थाई करीत दूध, क्रीम, लोणी यांतलं मुळात काहीच नसतं. सगळा स्निग्धपणा नारळाचा. आपल्याकडे मात्र रस्सा पातळ झाला की क्रीम ओततात, टोफूऐवजी पनीर घालतात, आणि ज्याला दूध चालत नाही त्याच्या ताटातून एक चांगला पदार्थ उगाच जातो. दूध आणखी एका वाटेने शिरतं, ती वाट म्हणजे नारळाच्या दुधाची पावडर. अनेक पावडरींमध्ये सोडियम केसिनेट असतं आणि ते दुधातलंच प्रथिन आहे. पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा. घरात दुधाची ॲलर्जी असेल तर अशी पावडर आणूच नका.

नारळाचं दूध कालवणात शेवटी घालायचं, आच मंद ठेवायची, खळखळ उकळू द्यायचं नाही, नाहीतर ते फुटतं, हे आपल्या हाताला पक्कं माहीत असतं. हिरव्या करीत याच्या बरोबर उलट करायचं. पहिलं घट्ट दूध मुद्दाम फोडायचं आणि सुटलेल्या तेलात वाटण परतायचं. ही पायरी गाळली की कोथिंबिरीच्या चटणीत दूध कालवल्यासारखी चव येते. घरच्या थाई करीबद्दलच्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच असतं.

चार माणसांसाठी एक मोठा, पक्का नारळ घ्या, हलवल्यावर पाणी वाजणारा. पाठीचं तपकिरी साल काढून खवा, नाहीतर करी राखाडी दिसते. खवलेल्या खोबऱ्यात एक कप कोमट पाणी घालून मिक्सरवर मिनिटभर फिरवा आणि मलमलच्या फडक्यातून घट्ट पिळा. पाणी कोमटच हवं. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं, पुण्यात डिसेंबरात बाटलीत गोठलेलं दिसतं तसंच. गार पाण्यात ते चोथ्यालाच धरून राहतं आणि दूध पाणचट निघतं. पहिलं दूध एक ते सव्वा कप मिळेल. त्याच चोथ्यात दीड कप पाणी घालून दुसरं, पातळ दूध काढा आणि वेगळं ठेवा. पहिलं दूध फ्रिजमध्ये दोन तास ठेवलं की वर जाड साय धरते. ती पाऊण कपभर अलगद काढून घ्या.

आता पसरट कढई, मध्यम आच आणि फक्त ही साय. आधी दुधासारखे पातळ बुडबुडे येतात. पाच-सहा मिनिटांत पाणी आटतं, बुडबुडे जड होतात, खळखळीचा आवाज बदलून तळणीसारखा चरचर येऊ लागतो आणि कडेला तेलाची चकाकी दिसते. साय रवाळ दिसायला लागली म्हणून घाबरू नका, तेच हवं आहे. चार मोठे चमचे वाटण घाला आणि कच्च्या कांद्याचा वास जाईपर्यंत, साधारण पाच मिनिटं, परता. मग उरलेलं घट्ट दूध, पातळ दूध, एक चमचा ताडगूळ किंवा फिकट पिवळा गूळ आणि मीठ घाला. काळपट गुळाने रंग आणि चव दोन्ही दबतात. खोक्यातलं तयार दूध फुटता फुटत नाही, कारण त्यात बहुधा ते एकजीव ठेवणारे घटक मिसळलेले असतात. तेव्हा सरळ दोन चमचे तेल तापवून त्यात वाटण परता.

वाटणासाठी ६ तिखट लवंगी मिरच्या, रंगासाठी ५-६ जाड पोपटी मिरच्या बिया काढून, सांबारचे छोटे कांदे ६, गावठी लसणाच्या ८ पाकळ्या, एक चमचा धणे, अर्धा चमचा जिरे, अर्धा चमचा पांढरे मिरे आणि एक चमचा मीठ घ्या. धणे, जिरे, मिरे कोरडेच भाजून आधी पूड करा. शिवाय कोथिंबिरीची मुळं हवीत, सहा तरी. मंडईत जुडी मुळांसकट मिळते आणि घरी आल्यावर पहिल्यांदा कापून टाकली जातात ती मुळंच. देठ फुटतो त्या सांध्यात माती अडकलेली असते, म्हणून दहा मिनिटं पाण्यात भिजवून बोटाने चोळून धुवा. पानांत नसलेला एक मातकट, खोल वास त्यांत असतो.

गवती चहा चहासाठी आणतो तोच, पण वाटणात पाती नकोत, खालचा पांढरट बुडखा हवा. तीन काड्यांचा शेवटचा बोटभर भाग घ्या. आडव्या, कागदासारख्या पातळ चकत्या करा. उभं चिरलं तर धागे दातांत येतात. जुडीत नुसती पातीच असली तर विक्रेत्याला बुडख्यासकट आणायला सांगा, किंवा कुंडीत एक ठोंब लावा. उरलेल्या पात्यांची गाठ मारून रश्श्यात सोडा आणि वाढताना काढा.

थाई आलं, म्हणजे गलांगल, एक्झॉटिक भाज्यांच्या गाळ्यांवर ताजं मिळतं. दोन इंच पुरे. काष्ठौषधींच्या दुकानात कुलिंजन म्हणून त्याचेच वाळलेले तुकडे मिळतात. ते वाटायला निबर असतात, पण तोम खा सूपमध्ये उकळायला चांगले. तोम खामधला ‘खा’ म्हणजे हेच गलांगल. साधं आलं घातलं तर सूप चांगलं होईल, पण ते तोम खा होणार नाही. मकरूट लिंबाची, म्हणजे थाई स्वयंपाकातल्या सुवासिक लिंबाची, पानं नसली तर कागदी लिंबाची दोन कोवळी पानं आणि एका लिंबाची किसलेली हिरवी साल घाला. पांढरा भाग किसला गेला तर कडवटपणा येतो.

खलबत्ता असेल तर मीठ आणि मिरच्या आधी कुटा, ओले कांदे-लसूण सगळ्यांत शेवटी. मिक्सरमध्ये पाणी घालू नका, चमचाभर तेल घाला. ओलं वाटण परतलं जात नाही, शिजतं.

मूळ वाटणात कोळंबीची आंबवलेली पेस्ट असते. मासे खाणाऱ्यांनी चमचाभर सुका जवळा कोरडा भाजून, पूड करून घालावा. शाकाहारी घरात चमचाभर मिसो, म्हणजे सोयाबीनची आंबवलेली जपानी पेस्ट, किंवा सोया सॉस. तयार थाई पेस्ट विकत घेतानाही ही कोळंबी लेबलवर तपासा.

टोफू उकळत्या मिठाच्या पाण्यात पाच मिनिटं ठेवून, फडक्यात वजनाखाली वीस मिनिटं दाबा आणि मग तेलावर परता. थेट घातला तर पाणी सोडतो आणि फिका लागतो. छोटी हिरवी वांगी चार फोडी करून आधी, फरसबी नंतर, टोफू शेवटी. झाकण ठेवू नका आणि शिजताना लिंबू पिळू नका, आंबटाने हिरवा रंग खाकी होतो. गॅस बंद केल्यावर मूठभर बेसिल. थाई गोड बेसिल आणि आपला सब्जा एकाच जातीचे. सरबताचं बी कुंडीत पेरलं तर बहुधा उगवतं. घरची तुळस इथे नको, तिचा लवंगी उग्रपणा करीवर चढतो. ती लसूण-मिरचीच्या झणझणीत परतणीत, पाद क्रापाओमध्ये घाला.

सोबत मोकळा भात. इंद्रायणी चिकट होतो, आंबेमोहोर थोडं कमी पाणी घालून चालतो.

वाटण बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलं तर दोन महिने टिकतं. शिजलेली करी उन्हाळ्यात ओट्यावर ठेवू नका, दुपारची रात्रीपर्यंत आंबते. फ्रिजमधून काढल्यावर वर गोठलेला पांढरा थर दिसेल, तो काढून टाकू नका. मंद आचेवर ढवळत गरम करा, तो पुन्हा मिसळतो.