मिनँडरचा ड्रॅक्म: विशिष्ट गुरुत्व १०.३१!

अखेर पटेल असा आकडा हाती आला. मागच्या नोंदीत ज्याचा फोटो टाकला होता तो मिनँडरचा (वायव्य भारतातला इंडो-ग्रीक राजा) ड्रॅक्म, म्हणजे ग्रीक पद्धतीचं चांदीचं नाणं, तांब्यावर मुलामा दिलेला नाही, आतपर्यंत चांदीच आहे. फोटोत हनुवटीखालचा तांबूस ठिपका पाहून ज्यांनी शंका काढली, त्यांची शंका रास्तच होती. मुलाम्याची खोटी नाणी त्या काळातही निघत. वजनावरूनही काही ठरेना: माझं नाणं २.३८ ग्रॅम आणि भारतीय तौलाचा (वजनाच्या प्रमाणाचा) ड्रॅक्म साधारण २.४५. एवढा फरक झिजेनेही पडतो.

म्हणून विशिष्ट गुरुत्व, म्हणजे वस्तू तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या किती पट जड आहे ते. पद्धत आपल्याला माहीत आहे: पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्यावर आणायचा, नाणं दोऱ्याने पाण्यात टांगायचं, तळाला टेकू द्यायचं नाही. काटा दाखवेल तेवढं पाणी नाण्याने हटवलं, नाण्याच्या वजनाला त्याने भागायचं. पण काटा कधी ०.२२ दाखवायचा, कधी ०.२४. म्हणजे उत्तर एकदा १०.८, एकदा ९.९. शुद्ध चांदीच १०.४९ असते, तर १०.८ येईल कुठून?

दोष काट्याच्या बारकाईत होता. ०.०१ ग्रॅमचा काटा अथेन्सच्या घुबडाच्या चित्राच्या नाण्याला चालतो, कारण तो १७ ग्रॅमचा टेट्राड्रॅक्म (चार ड्रॅक्मचं नाणं) दीड ग्रॅमहून जास्त पाणी हटवतो. ड्रॅक्म हटवतो जेमतेम पाव ग्रॅम. तिथे शेवटच्या अंकातला एकाचा फरकही उत्तर चार टक्क्यांनी हलवतो. ड्रॅक्म जमवायचे असतील तर स्वस्तातला खिशातला काटा घेऊच नका, हे माझं ठाम मत.

०.००१ ग्रॅमचा काटा आणला तरी आकडा सरकतच होता. लूपखाली (छोट्या भिंगाखाली) कारण दिसलं: लेखाच्या अक्षरांत आणि राजाच्या केसांत हवेचे बुडबुडे अडकले होते. पाणी उकळून गार केलं, भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब टाकला, सुती दोऱ्याऐवजी मासेमारीची बारीक तार वापरली. मग आकडा ०.२३१ वर येऊन थांबला आणि परत परत तोच आला. २.३८१ भागिले ०.२३१, म्हणजे १०.३१. तांब्याचं गुरुत्व ८.९६, म्हणजे माझ्या नाण्यात थोडंसं तांबं मिसळलेलं आहे, गाभा मात्र तांब्याचा नाही.

याच खटपटीत नाण्यावरचा खरोष्ठी (वायव्य भारतातली प्राचीन लिपी) लेखही सुटला. उजवीकडून डावीकडे ‘महरजस त्रतरस मेनंद्रस’. वज्र फेकणाऱ्या अथीना या ग्रीक देवीभोवतीचं ‘त्रतरस’ पूर्ण वाचता आलं, तेव्हा जो आनंद झाला तो काय सांगू!

अर्थात, चांदी आहे म्हणून नाणं जुनं ठरत नाही. आजचे नकली नाणी करणारेही चांदी वापरतात. कडेला ओतकामाची रेघ नाही, ठोकताना पडलेली चीर आहे, हे चांगलं लक्षण. आता अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या इंडो-ग्रीक संग्रहात आणि जुन्या लिलावांच्या फोटोंत ठसा (नाणं ज्याने ठोकलं तो) जुळवून पाहतोय. ठसा जुळला तर उत्तम. ओरखड्यासकट जुळलं तर काळजी, कारण मग एकाच नाण्यावरून काढलेली नक्कल असू शकते. आणि कडेचा फोटो मागितल्यावर टाळाटाळ करणाऱ्या विक्रेत्याकडून काही घेऊ नये. परवाना आणि बिल तर हवंच.

आधी बेत होता अथेन्स, कॉरिंथ, अलेक्झांडर, बॅक्ट्रिया असं प्रत्येकी एक नाणं घेण्याचा. आता वाटतं, मिनँडरमध्येच मुरावं: फीत बांधलेला, शिरस्त्राण घातलेला आणि पाठमोरा भाला उगारलेला, अशी राजाची तिन्ही रूपं. त्याचा घुबडाचा ड्रॅक्मही आहे, पण तो दुर्मीळ.

हे लिहिता लिहिताच आणखी एक सुचलं. ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक व्यापारी-प्रवासाच्या मार्गदर्शिकेत भरूचच्या बाजारात अपोलोडोटस (आणखी एक इंडो-ग्रीक राजा) आणि मिनँडरचे जुने ड्रॅक्म चालत असल्याची नोंद आहे, आणि पैठण-तेरचा माल त्याच भरूचला जाई. त्याच घडणीचे, पश्चिमी क्षत्रप राजा नहपानाचे ड्रॅक्म १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला १३ हजारांहून जास्त सापडले, आणि त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला. तेव्हा अथेन्स थांबेल. पुढची खरेदी नहपान. ग्रीक लेखाची निदान चार अक्षरं शाबूत असलेलं नाणं कुणाच्या पाहण्यात आलं तर कळवा, कडेच्या फोटोसह.