चोरबाजारातली कारखान्यांची पोस्टरं: गुरुवारी गेलो, फसलो

"शुक्रवारी दुकानं बंद असतात, गुरुवारी जा." हा सल्ला मला तिघांनी दिला. कारखान्यांच्या भिंतींवरची जुनी पोस्टरं (सुरक्षा, शिस्त, उत्पादन वाढवा वगैरे) शोधत असाल तर तो ऐकू नका. मला तो साडेचार हजारांना पडला.

गुरुवारी दुपारी सँडहर्स्ट रोडला उतरून मटन स्ट्रीटला चालत गेलो. एका दुकानात सिनेमाच्या पोस्टरांच्या गठ्ठ्याखाली ते दिसलं. कामगाराची बाही फिरत्या पट्ट्यात ओढली जातेय, डोळे खोबणीबाहेर आलेत, आणि खाली लाल अक्षरांत "सैल बाही, पट्टा खाई". मला हसू आलं आणि मालकाने ते टिपलं. "बासष्ट का है सेठ, परेल की मिल का." सुरुवात आठ हजारांपासून. मी दोनदा उठून पायरीपर्यंत गेलो, दोनदा चहा आला. साडेचारवर तुटलं. मी "थांबा" म्हणेपर्यंत गड्याने पोस्टरच्या चार घड्या घालून ते वर्तमानपत्रात गुंडाळलंही. ती आडवी घडी थेट कामगाराच्या नाकावरून गेलीय, अजून बघवत नाही.

मुक्काम लालबागला मावशीकडे. काका ८२ च्या गिरणी संपापर्यंत साळखात्यात (मिलच्या विणकाम विभागात) होते. चष्मा लावून पोस्टर न्याहाळलं आणि म्हणाले, "अरे, लूमवर हेल्मेट कोण घालायचं?" चित्रातल्या माणसाच्या डोक्यावर चांगलं पिवळंधमक हेल्मेट! मग भिंग काढून तळाची बारीक ओळ वाचली. मुद्रकाचं नाव, भांडुप, मुंबई ४०० ०७८. पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला. म्हणजे बासष्ट गेलं, आणि मिलही गेली. भांडुप-मुलुंडकडच्या कुठल्यातरी इंजिनिअरिंग कारखान्यातलं असणार. पोस्टर जुनंच आहे, पण पैसे मी परळच्या मिलचे मोजले.

तेव्हा सौद्याआधी तळ वाचा. १८६७ च्या छापखाना कायद्याने छापील कागदावर मुद्रकाचं नाव आणि ठिकाण टाकणं बंधनकारक होतं. तळाची पट्टी कापलेली असेल तर भाव निम्म्यावर आणा. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचं (कारखान्यांतल्या सुरक्षेची नॅशनल सेफ्टी कौन्सिल) चिन्ह असलेलं पोस्टर कोणी साठ सालचं म्हणून विकत असेल तर हसून पुढे चला, परिषद स्थापन झाली ४ मार्च १९६६ ला. भिंगाखाली रंगाचे ठिपके जाळीसारखे नीट बसलेले दिसले तर ऑफसेट, म्हणजे छापखान्यातलं. फवारा उडाल्यासारखे विखुरलेले दिसले तर हल्लीचा प्रिंट, चहाच्या पाण्यात बुचकळून काढलेला. लॅमिनेशन केलेलं फुकट दिलं तरी घेऊ नका.

शुक्रवारी पहाटे चारला टॅक्सीने पुन्हा तिथेच. दुकानांची शटरं खाली, आणि रस्त्यावर चादरींवर जुम्मा बाजार. सगळे मोबाइलच्या उजेडात वाकून. एका भंगारवाल्याकडे बंद पडलेल्या कारखान्याचं सामान होतं: पंचिंग कार्डांचे खोके, गेटपासची रजिस्टरं, आणि त्यांत सुतळीने बांधलेली एक गुंडाळी. सोडली. सैल बाही, पट्टा खाई. तीन प्रती, एकही घडी नाही. "ढाई सौ का एक." तिन्हींचे सहाशे दिले आणि कालचा भाव तोंडातून निघू दिला नाही. त्याच गुंडाळीत आणीबाणीतलं "बातें कम, काम ज़्यादा" निघालं, कडा उंदराने कुरतडलेल्या. शंभर रुपये!

त्यामुळे माझं मत: पोस्टरांसाठी मटन स्ट्रीटची दुकानं कायमची बंद समजा. हे रात्रभर न झोपलेला माणूस खुशीत लिहितोय हे मान्य, तरी मत बदलणार नाही. शंभर-पन्नासच्या सुट्ट्या नोटा, हेडलॅम्प (एक हात मोकळा लागतोच) आणि पोस्टर घडी न घालता गुंडाळून ठेवायला तीन इंची पीव्हीसी पाइपाचा तुकडा न्या. पाकीट पुढच्या खिशात. उजाडल्यावर माल नीट दिसतो, पण तो विकणाऱ्यालाही दिसतो, म्हणून खरेदी साडेसहाच्या आत उरका.



तीनपैकी एक प्रत काकांनी ठेवून घेतली. हेल्मेटवर बॉलपेनने फुली मारून.