टायर बदलले? मग चॉकही मोजा (नागपूर ते खिंडसी, ट्रेलर घेऊन)

नुकतंच नागपूरहून खिंडसीला ट्रेलर घेऊन जाऊन आलो, कामठी, कन्हान, मनसर, रामटेक असं गेलं की पन्नासेक किलोमीटर, रस्ता मस्त आहे, त्यात जास्त सांगण्यासारखं काही नाही. सांगायचंय ते चॉकचं, म्हणजे उभ्या ट्रेलरच्या एकाच बाजूच्या दोन टायरमधल्या फटीत आवळून बसवायच्या अडसराचं, कारण आपल्याकडे डबल एक्सलचा (दर बाजूला मागेपुढे दोन चाकं असलेला) ट्रेलर ओढणारे मोजकेच आणि टायर दुकानवाला हे सांगत नाही.

आधी 205/75 आर 14 मापाचे टायर होते (शेवटचा आकडा रिमचा, इंचात), आता रिमसकट 205/75 आर 15 टाकले. रिम एक इंच मोठी म्हणजे टायरचा व्यास एक इंचानं वाढला, दोन्ही टायर अर्धा अर्धा इंच एकमेकांकडे सरकले, म्हणून मधली फट सरळ एक इंच कमी झाली, सातची सहा. आणि माझा कैचीवाला चॉक पूर्ण मिटवला तरी साडेसहा! निघायच्या आधी घरीच टेप लावून बघितलं म्हणून बरं झालं. हिंगणा रोडवरच्या फॅब्रिकेटरकडून जाड पॅड काढून पातळ लावून घेतले, आता मिटल्यावर साडेपाच होतो, आरामात जातो. फट हबच्या, म्हणजे चाकाच्या मध्याच्या, उंचीवरच मोजा भाऊ, तिथंच ती सगळ्यात कमी असते.

खिंडसीला तलावाकडे जमिनीला उतार आहे, तिथं नुसत्या कैचीवर अजिबात भरवसा ठेवू नका, ती ट्रेलरचं हलणं कमी करते, ट्रेलर धरून ठेवायचं काम चाकाखालच्या ठोकळ्यांचं. मोठ्या टायरला ठोकळेही उंच लागतात, मी टायरच्या उंचीचा साधारण पाव भाग धरतो, म्हणून आरामशीनवरून बाभळीचे नवीन कापून आणले. आधी डावी-उजवी बाजू लेव्हल करा, मग दोन्हीकडच्या चाकांना उताराच्या बाजूनं ठोकळे घट्ट, त्यानंतरच गाडीपासून ट्रेलर सोडा, कैची सगळ्यात शेवटी.

अजून एक, पोचल्या पोचल्या कैची कसू नका. चालून आलेला टायर गरम असतो, हवेचा दाब वाढलेला असतो, रात्री थंड झाला की कैची ढिली पडते. आणि पहाटे एकदम आवळून ठेवली तर दुपारच्या उन्हात उलटं टायरवरच दाब येतो. मी संध्याकाळी टायर निवल्यावर हातानंच कसतो, लांब पाना लावत नाही, सकाळी परत हलवून बघतो.

नवीन रिम असेल तर परत आल्यावर, म्हणजे शंभरेक किलोमीटर झाले की, चाकाचे नट टॉर्क पान्यानं (ठरावीक जोरानं कसणाऱ्या) परत तपासाच, बसतात ते थोडे.