बांध किती उंच?

रविवारी गोव्यातल्या आमच्या गावच्या कूळ संघटनेची बैठक देवळाच्या चौकात झाली. मानशी, म्हणजे भरतीचं पाणी अडवायला दारं बसवलेली मोरी, तिच्याजवळचा नदीकाठचा बांध कधीही फुटेल, तो नव्याने घालायचा. अभियंत्याने विचारलं, "समुद्र किती वाढेल असं धरू?" मी खजिनदार, म्हणून सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. जणू दर्या माझ्या वहीत जमा-खर्च लिहून जातो!

आदल्या रात्री मी थोडं वाचलं होतं. आयपीसीसीच्या, म्हणजे हवामान बदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या, २०२१ च्या अहवालात शतकाअखेरचा जगाचा सरासरी अंदाज आहे. जगाने धूर झपाट्याने कमी केला तर २८ ते ५५ सेंटिमीटर, वाढवतच नेला तर ६३ ते १०१. म्हणजे कमीत कमी वीतभर, जास्तीत जास्त दोन हातांच्या वर. यातलं काय खरं होणार ते परदेशातल्या वीजकेंद्रांवर आणि अंटार्क्टिकाच्या बर्फावर. आमच्या हातात काय, तर मानशीच्या मासळीच्या पावणीचे, म्हणजे लिलावाचे, पैसे.

तेवढ्यात आबा म्हणाले, "उंची राहू दे रे, भात कोण लावणार ते आधी सांग."

सगळे गप्प. मीही, कारण मी स्वतः शेत सोडून ट्रक घेतला होता. चीनला लोहखनिज हवं होतं, डिचोलीत ट्रकांच्या रांगा लागायच्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्या, मार्चात खाणी थांबल्या. ट्रक विकून टॅक्सी घेतली, तर २०२० ला कोरोना. जरा सावरतोय तोच २०२२ ला युक्रेनचं युद्ध, आणि मोरजीला जाणारी माझी रशियन गिऱ्हाइकं येईनाशी झाली. प्रत्येक वेळी मी एकच आकडा खरा धरून कर्ज काढलं होतं. आणि गंमत बघा, मी ट्रकाने नेलेलं खनिज ज्या बार्जींतून, म्हणजे मालवाहू होड्यांतून, मांडवी नदीतून जायचं, त्यांच्याच लाटांनी हा बांध पोखरलाय.

म्हणून अभियंत्याला सांगितलं, आकडा नको, पाया रुंद घाला. चिरे आता हातभरच चढवा, पण पुढच्यांना आणखी दोन हात चढवता येतील एवढी जागा ठेवा. मानशीची दारं मात्र आत्ताच बदला. भरतीला ती पाण्याच्या दाबाने आपोआप मिटायला हवीत. फळ्या कुजल्या की बांध कितीही उंच असो, खारं पाणी शेतात. (पावणी घेणारा मासळीसाठी रात्री दार उघडं ठेवतो ते वेगळंच. त्यावर बैठकीत कोणी बोलत नाही, कारण सकाळी त्याच्याकडची चणाक सगळ्यांना हवी असते.)

बांधालगतच्या तुकड्यांत ज्योती हे भात न लावता कोरगुट हे जुनं भात लावायचं, असंही ठरलं. ज्योती जास्त पिकतं, पण मीठ सोसतं ते कोरगुटच. दहा घरांत शोधल्यावर दोन पायली बियाणं मिळालं, तेही आबांच्या सुनेने पिठाच्या भाकरीसाठी काढून ठेवलेलं.

रुंद पायात दोन कुळांची जमीन जाते. त्यांनी सही केलेली नाही. "तुझं काय जातंय?" असं एकाने मला विचारलं, आणि ते बरोबरच आहे, माझा तुकडा वरच्या अंगाला आहे. आज संध्याकाळी दोरी घेऊन त्यांच्याकडे जातोय, नेमकी किती जमीन जाते ते त्यांच्यासमोरच मोजायला.