यकृत नवं, आतडं जुनंच

रिफॅक्झिमिन ही आतड्यात काम करणारी ॲंटिबायोटिक गोळी बंद केल्याचं मला आधी माझ्या एका रुग्णाच्या हातांनी सांगितलं. अमळनेरच्या माझ्या ओपीडीत त्यांना हात पुढे करून पंजे वर धरायला सांगितले, तर पंजे सारखे खाली पडत होते. यकृत थकून मेंदूवर झाकोळ यायला लागली की असं होतं. चोपडा तालुक्यातले केळी उत्पादक, वय पन्नाशीचं, हिपॅटायटिस बी या विषाणूमुळे सिरोसिस, म्हणजे यकृत वाळून कडक झालेलं. दारूचा थेंब न घेतलेला माणूस, तरी गाव 'पीतच असेल' म्हणायचं. याचा मला अजून राग येतो.

यकृत प्रत्यारोपणासाठी मुंबईच्या यादीत नाव होतं. गोळ्यांचं विचारलं तर त्यांच्या काकू म्हणाल्या, "महाग शे ना डाक्टर, अन् रोज दोन!" खरं कारण नंतर कळलं. तालुक्यातल्या एका डॉक्टरने सांगितलं होतं की इतके महिने ॲंटिबायोटिक घेतली तर पोटातले चांगले जंतू मरतात. महिनाभर गोळी बंद, पोट साफ ठेवणारं लॅक्ट्युलोज हे पातळ औषधही मनाला येईल तसं.

ऐकायला हे शहाणपणाचं वाटतं, म्हणूनच जास्त घातक. रिफॅक्झिमिन रक्तात जवळजवळ शोषलीच जात नाही. ती आतड्यातच राहून तिथल्या जंतूंचं वागणं बदलते, अमोनिया आणि विषारी द्रव्यं कमी करते. तापासाठी मेडिकलवरून कुणीही नेतो त्या ॲंटिबायोटिकशी तिची तुलनाच होत नाही. मी 550 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा पुन्हा सुरू केली, लॅक्ट्युलोजचा डोस लिहून दिला. दोन-तीन दिवसांत माणूस शुद्धीवर आला.

पण आठवडाही झाला नव्हता, तोच रात्री मुंबईहून फोन: यकृत मिळतंय, लगेच निघा. धुळे, नाशिक, कसारा घाट करत ते पहाटे पोचले.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी मात्र एएसटी 2000 च्या वर गेला. एएसटी आणि एएलटी म्हणजे यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारी द्रव्यं. पहिल्या सात दिवसांत एएसटी किंवा एएलटी 2000 ओलांडणं हा नव्या यकृताच्या सुरुवातीच्या बिघाडाचा 2010 पासून वापरात असलेला एक निकष आहे. तिथल्या टीमने सांगितलं, रक्तपुरवठा पुन्हा सुरू होताना झालेली इजा. थंड पेटीत बराच वेळ राहिलेल्या यकृतात ती होतेच. ते बरोबरच होतं. माझ्या डोक्यात मात्र महिनाभर बंद असलेली ती गोळी घोळत राहिली.

यकृताला येणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश पोर्टल शिरेतून, म्हणजे आतड्याकडून येतं. ऑपरेशनमध्ये ती शीर चिमट्यात धरली की आतड्यात रक्त तुंबतं, त्याची भिंत झिरपू लागते. चिमटा सुटताच जंतूंच्या कवचातलं एंडोटॉक्सिन हे विष घेऊन तेच रक्त नव्या, गारठलेल्या यकृतावर येतं. तिथल्या कुप्फर पेशी, म्हणजे यकृतातल्या पहारेकरी पेशी, खवळतात, सूज पेटते. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2019 मध्ये दाखवलं की आधीपासून ॲंटिबायोटिक दिलेल्या उंदरांच्या नव्या यकृताला कमी इजा झाली. 250 हून अधिक रुग्णांच्या जुन्या नोंदीतही, प्रत्यारोपणाआधी किमान 10 दिवस ॲंटिबायोटिक (बहुतेकांच्या बाबतीत रिफॅक्झिमिन) घेतलेल्यांचं यकृत जास्त चांगलं सावरलेलं दिसलं.

मागे वळून पाहिलेल्या नोंदी म्हणजे पुरावा नव्हे, हे मला माहीत आहे. आमच्या रुग्णाच्या नव्या यकृताला थंड पेटीतल्या वेळेचाही फटका बसला असेल. तरी 10 दिवस हा आकडा वाचला आणि झोप उडाली. त्याच्या पदरात तितके दिवस पडलेच नव्हते. त्याचं यकृत सावरलं, बिलिरुबिन (काविळीचं पिवळं द्रव्य) तिसऱ्या आठवड्यात उतरलं, ते घरी आले. पण गोळी चालू असती तर ते पहिले दिवस इतके जड गेले असते का, याचं उत्तर मला कोण देणार?

प्रत्यारोपण केंद्रं रक्तगट, एमआरआय, पैसे, कागद सगळं समजावतात. यादीत नाव लागलेल्या माणसाला ही गोळी कशासाठी, हे मात्र सोप्या मराठीत कुणी लिहून देत नाही. आता त्यांच्या फाइलवर मी लाल शाईने लिहिलंय: कोणतीही ॲंटिबायोटिक सुरू किंवा बंद करण्याआधी फोन करा. मागच्या महिन्यात जुलाब लागले तेव्हा मुलाने गावातल्या औषधाला हात न लावता आधी फोन केला. शरीराने नवं यकृत नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस हे औषध घ्यावं लागतं आणि जुलाबात त्याची रक्तातली पातळी वाढते. तपासली, तर वाढलेलीच होती. मुंबईशी बोलून डोस कमी केला.