ग्राहकाच्या खात्यात जा, पण त्याचा पासवर्ड मागू नका

मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडत दुकानातून आपल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या सपोर्टला फोन येतो: "साहेब, शेतकऱ्याची पट्टी निघंना झालीया." स्क्रीन दिसत नाही, म्हणून सपोर्टवाला म्हणतो, "पासवर्ड व्हॉट्सॲपवर टाका." घोळ इथंच होतो. पासवर्ड चॅटमध्ये पडून राहतो, आणि उद्या एखादी नोंद उडाली तर ती अडत्यानं उडवली की आपण, हे कुणालाच दाखवता येत नाही.

त्यापेक्षा ॲडमिन पॅनेलमध्ये 'या युजरच्या नावानं बघा' असं बटण द्यावं. सेशनमधला (लॉगिननंतर सर्व्हर जी ओळख लक्षात ठेवतो तिच्यातला) युजर आयडी बदलला की काम झालं असं वाटतं, पण त्यात खरा ॲडमिनच पुसला जातो. सेशनमध्ये दोन आयडी हवेत: आत कोण गेलंय आणि कुणाच्या नावानं. परवानग्या युजरच्या, लॉगमध्ये नोंद मात्र दोघांची. पीडीएफ किंवा एसएमएसचं काम मागच्या रांगेत, म्हणजे नंतर वेगळा चालणारा जॉब म्हणून, जातं तेव्हा ॲडमिनचा आयडी हमखास गळतो. तो जॉबसोबतच पाठवावा.

जँगो (पायथॉनचं वेब फ्रेमवर्क) साठी जँगो-हायजॅक आणि रेल्स (रूबीचं) साठी प्रिटेंडर ही पॅकेजं तयार मिळतात. जँगोचं लॉगिन फंक्शन नुसतं बोलावलं तर युजरची 'शेवटचं लॉगिन' वेळ बदलते; हायजॅक ते टाळतं. हे सगळं हातानं लिहिण्यात शहाणपणा नाही.

सुरुवातीला फक्त बघण्याची मुभा ठेवा: मिडलवेअरमध्ये (प्रत्येक विनंती ज्या थरातून जाते तिथं) डेटा बदलणाऱ्या पोस्ट, पुट, पॅच, डिलीट विनंत्या अडवा, फक्त 'बाहेर पडा'ची विनंती सोडा. नुसत्या वाचण्यासाठीच्या गेट विनंतीवर डेटा बदलणारं एखादं जुनं पान असेल तर ही भिंत फुटकी, ते आधी शोधा. पुढं बदल करू दिलेत तरी पासवर्ड, मोबाइल नंबर, बँक खातं कायम बंद. ॲडमिननं दुसऱ्या ॲडमिनच्या नावानं जाणंही बंद, नाहीतर सपोर्टचा नवा पोरगा दोन क्लिकमध्ये मालक होतो. २०२० मध्ये ट्विटरची नामांकित खाती आतल्याच सपोर्ट साधनांतून बळकावली गेली होती, म्हणून ॲडमिनला टू-फॅक्टर (पासवर्डसोबत दुसरी खूण) हवंच.

दुसऱ्याच्या नावानं आत असताना स्क्रीनवर वर लाल पट्टी, ३० मिनिटांत आपोआप बाहेर, आत जाताना तक्रार क्रमांक सक्तीचा. लॉगच्या टेबलवर ॲप्लिकेशनला फक्त नोंद घालायचा हक्क द्या, खोडायचा नको. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. आणि कोण, कधी, कशासाठी आत आलं होतं, हे अडत्याला त्याच्याच सेटिंग्जच्या पानावर दिसू द्या.